सात पाणी वाढवायचं

हाशीबाईचा ध्वनिमुद्रित आवाज वैजयंतीनं तिसऱ्यांदा ऐकला.

"कापायचा, राखंत घोळवायचा, मंग शिजत ठिवायचा. सात पाणी वाढवायचं, बाय. सातवं वाढवलं का मंग कंद खायाचा."

आवाज बंद करून तिनं त्याच कृतीचं पान उघडलं. तिथं ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'कंद शिजताना सात वाट्या पाणी वाढवावे. त्याच पाण्याचा रस्सा करावा.' आणि खाली हिरव्या खुणेशेजारी, पडताळणी: वैजयंती भोईर, पेण.

"अगं बाई गं!" ती मोठ्यानं म्हणाली. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

मराठी माणसाला हे फोड करून सांगायला नको. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतो, आणि वाणी फळ्या लावतो तेव्हा दुकान वाढवतो. अशुभ तोंडातून काढायचं नाही, एवढंच त्यामागचं. हाशीबाई दरवडा ही कर्जतच्या डोंगरातली ठाकरीण. चुलीवरच्या भांड्यातलं काहीही 'टाक' म्हणायचं नाही, अन्न रुसतं, हा तिचा नेम. म्हणून कडूकंदाचं पाणी ती टाकत नसे, वाढवत असे. म्हणजे सरळ ओतून देत असे. सात वेळा नवं पाणी घालायचं आणि सातही वेळा ओतून द्यायचं. तीन वर्षांपूर्वी तिच्या ओटीवर बसून वैजयंतीनंच हे टिपून घेतलं होतं. "वाढवायचं म्हणजे टाकायचं ना गं?" असं तिनं विचारलं तेव्हा हाशीबाईनं घाईघाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला होता. पण ते विचारणं ध्वनिमुद्रणात नव्हतं, कारण तोवर यंत्र बंद करून झालं होतं. आणि हाशीबाई तर गेल्या चैत्रात वारली.

भाषेत पदवी घेतलेली, आयुष्यभर लोकांचे शब्द निवडत बसलेली बाई, आणि तिचा पाय घसरला तो 'वाढवणे'वर. आता काय म्हणावं याला!

हे सगळं सकाळी साडेनवाला उकरलं गेलं ते एका निरोपामुळे. सेलूच्या कुणी बाई होत्या. त्यांनी 'परसदार'वर विचारलं होतं, 'कडूकंद खाल्ल्यावर जीभ बधिर होते का? आमच्याकडे ऋषीची भाजी आदल्या दिवशीच होते. माझ्या सासऱ्यांना काल दुपारपासून झटके येताहेत. डॉक्टर विचारतात काय खाल्लं.'

परसदार काय चीज आहे ते सांगायला हवं. पूर्वी इंटरनेटवर झाडं ओळखायची जागा वेगळी, बागेची वेगळी आणि स्वयंपाकाची तिसरीच, अशी शेकडो ठिकाणं होती. हौशी माणूस त्यात हरवून जायचा. परसदारनं ते सगळं एका दारात आणलं. पानाचा फोटो दाखवा, झाडाचं नाव सांगणार. कुंडीतली माती दाखवा, तिला काय हवंय ते सांगणार. आणि जे उगवलं ते खायचं कसं, तेही सांगणार. त्यासाठी रानातल्या, पाड्यांवरच्या बायाबापड्यांचं बोलणं त्याला हजारो तास ऐकवलं होतं. ते ऐकून यंत्र लिहायचं आणि वैजयंतीसारखी माणसं तपासायची. तपासलेलं थेट 'बल्लव'मध्ये जायचं. बल्लव म्हणजे ओट्यावरचं टोपाएवढं यंत्र. भाजी चिरून आत टाकली की परसदारची कृती वाचून ते आपलं आपण पाणी घेतं, शिजवतं, थांबतं. चार वर्षांत ते मिक्सरइतकं घरोघर झालं होतं.

आणि कडूकंद? बटाटा सलग तीन वर्षं करप्यानं बुडाला तेव्हा लोकांना रानातल्या कंदांची आठवण झाली. एका प्रयोगशाळेनं कडूकंदाचा सुधारित वाण काढला. गच्चीत गोणीभर मातीत लावा आणि विसरून जा, पाण्याची फारशी मिजास नाही. त्यात एक विषारी द्रव्य असतं, ते मज्जातंतूंवर जातं. आधी जीभ आणि ओठ बधिर होतात, मग घशाला कोरड, चक्कर, झटके, आणि शेवटी श्वास. आचेनं ते मरत नाही. पण पाण्यात विरघळतं. म्हणून पाणी बदलत गेलं की कंद निर्धोक होतो, आणि तेच पाणी ठेवून रस्सा केला तर सगळं विष ताटात येतं. गेल्या वर्षी नऊ हजार घरांनी तसा रस्सा केला तरी कुणाला काही झालं नाही, कारण कंद पहिल्या वर्षाचे, कोवळे होते. यंदा तेच कंद दुसऱ्या वर्षात गेले होते आणि उन्हाळा असा तापला होता की झाडानं स्वतःला वाचवायला विष चौपट साठवलं होतं.

आता कहर बघा. आज ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं आज खायचं नाही. नांगर न लागलेलं, आपोआप आलेलं, तेवढंच चालतं. गोणीतल्या कंदाहून आणखी चोख काय असणार? परसदारनं आठ दिवस आधीपासून सगळ्यांना सुचवलं होतं, 'यंदा ऋषीच्या भाजीत कडूकंद घाला.' पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसत होता. एक्केचाळीस हजार बल्लवांना अकराला भाजी तयार होईल अशी वेळ लावून ठेवलेली होती.

पण खरं सांगायचं तर त्या घडीला वैजयंतीला एक्केचाळीस हजार घरं दिसलीच नाहीत. तिला एकच घर दिसलं. नागपुरातलं, तिसऱ्या मजल्यावरचं.

शाल्मली तिची एकुलती एक. वय सव्वीस. दीड वर्षापूर्वी वैजयंतीचा नवरा, जनार्दन, स्वादुपिंडाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला तेव्हा पोरीची शेवटची परीक्षा चालू होती. रोज फोनवर ती विचारायची, "बाबा कसे आहेत?" आणि वैजयंती म्हणायची, "जरा अशक्त आहेत. काही नाही होत गं, तू अभ्यास कर." परीक्षा संपायच्या आदल्या दिवशी जनार्दन गेला. शाल्मली पोचली तेव्हा तिच्या हाती राख लागली. तेराव्याला सगळे पाहुणे गेल्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाबांशी शेवटचं बोलणं तू माझ्याकडून चोरलंस." त्या दिवसापासून आईचा नंबर तिच्या फोनवर आणि आईचं खातं परसदारवर बंद होतं, आणि अनोळखी नंबर ती उचलत नसे.

हाशीबाईच्या नोंदीची पडताळणी त्याच, दुखण्याच्या दिवसांतली. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या वैजयंतीनं एकशे साठ नोंदी तपासून हातावेगळ्या केल्या होत्या. तपासल्या कसल्या, टिचक्या मारल्या होत्या.

आता आईचं काळीज म्हणा किंवा खोड म्हणा, वैजयंतीनं परसदारवर दुसरं खातं काढलं. नाव ठेवलं 'चाफा सात'. शाल्मली तिथं आपल्या गच्चीतल्या बागेचे फोटो टाकत असे. चाफानं पहिल्यांदा लिहिलं, 'मिरचीला मुंग्या लागल्यात, हळदीचं पाणी शिंपड.' हळूहळू पोर तिला चाफाआजी म्हणू लागली. मग मिरचीवरून नोकरीवर, नोकरीवरून मनातल्या गोष्टींवर गप्पा आल्या. 'माझ्या आईशी मी बोलत नाही,' असं एकदा तिनं लिहिलं तेव्हा चाफाआजीनं दोन दिवसांनी पुन्हा मिरचीचंच विचारलं होतं. कडूकंद लावायचा सल्लाही चाफाआजीचाच.

वैजयंतीनं चाफाचं खातं उघडलं. 'शाल्मली, कंदाची भाजी करू नकोस. कृती चुकलीय. पाणी सात वेळा ओतून द्यायचं असतं. केली असलीस तर खाऊ नकोस.'

दोन मिनिटांत उत्तर आलं. 'अहो चाफाआजी, झालीसुद्धा! मला बल्लव आवडत नाही, शेगडीवर केलीय. रस्सा काय सुरेख दिसतोय! नऊ हजार लोकांनी खाल्लीय की.'

'ते कंद कोवळे होते. माझं ऐक बाळा. विषारी आहे ते.'

'बरं बाई. तुम्ही आजवर कधी चुकला नाहीत. झाकून ठेवते. पण जीव हळहळतोय हं, इतके दिवस वाढवलेला कंद!'

वैजयंतीला रडू आलं, आणि तिनं ते येऊ दिलं. पोर वाचली. खोट्या नावानं का होईना, वाचली. मग पदरानं तोंड पुसून ती बाकीच्या घरांकडे वळली.

स्वतःच्या खऱ्या खात्यातून तिनं दुरुस्ती पाठवली. अर्ध्या मिनिटात परत आली. 'एकाकी मत. नऊ हजार यशस्वी अनुभवांशी विसंगत. नोंद घेतली आहे.' तिनं पुन्हा पाठवली, पुन्हा तेच आलं. तिसऱ्या वेळी उत्तर बदललं. 'आपल्या विश्वासार्हतेविषयी शंका आहे.'

"मेल्या, शंका माझ्यावर?" ती पडद्यावर खेकसली आणि परसदारच्या पुण्याच्या कचेरीत फोन लावला. गणपतीची सुट्टी, कामावर एकच पोरगा होता, तन्मय वेलणकर. वैजयंतीची त्याच्याशी कामापुरती ओळख होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, मला पटतंय. सेलूचा निरोप मीही वाचला. पण बंद करायचं बटण माझ्याकडे नाही. मागे आतल्याच एकानं कृतींत फेरफार केला, तेव्हापासून माणसांचे अधिकार काढून घेतलेत."

"म्हणजे एक्केचाळीस हजार घरांत विष शिजताना आपण बघत बसायचं?"

"एक वाट आहे. मूळ ध्वनिमुद्रण तुमचं आहे. ज्यानं कानांनी ऐकलं त्यानं शपथेवर सांगितलं, तर यंत्र मतं मोजत नाही, लगेच मानतं. एका मिनिटात सगळे बल्लव थांबतील. पण ताई..." तो अडखळला. "तुमच्या नावावर खूण लागलीय. तुमच्याच संगणकावरून दुसरं खातं चालतं. चाफा सात. खोटं खातं चालवणाऱ्याची शपथ यंत्र घेत नाही."

"मग?"

"ते तुमचं आहे असं जाहीर करायचं. ते बंद होईल, खूण निघेल, शपथ चालेल. दोन मिनिटांचं काम."

"जाहीर म्हणजे कुणाला?"

"त्या खात्याशी जे जे बोललेत त्या सगळ्यांना कळवलं जातं. तुमच्या खऱ्या नावासकट. आणि त्या खात्यानं दिलेले सल्ले रद्द ठरतात."

"सगळे?"

"सगळे, ताई."

"एक सोड ना रे. एकच. आज सकाळचा."

"माझ्या हातात असतं तर..." तन्मय म्हणाला.

घड्याळात दहा पंचेचाळीस झाले होते. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. खोटं चालू ठेवलं तर पोर वाचते, खरं बोललं तर बाकीची घरं वाचतात आणि पोरीला दिलेली ताकीद खोटी ठरते. वर दीड वर्षाची चाफाआजी म्हणजे आपली आईच, पाळत ठेवून बसलेली, हे कळल्यावर शाल्मली जन्मात तिचं तोंड बघणार नव्हती. बापाचं मरण लपवलं म्हणून तुटलेली पोर ती.

वैजयंतीनं चाफा होऊन घाईनं लिहिलं, 'शाल्मली, ती भाजी फेकून दे. आत्ता. फेकलीस की मला कळव.' उत्तर नाही. पूजेला बसली असेल. सात सुपाऱ्या मांडून सप्तर्षींची पूजा करायला तिला आईनंच लहानपणी शिकवलं होतं. 'बाळा, फेकलीस का?' उत्तर नाही. 'अगं फेक गं!'

दहा एकावन्नला सेलूच्या बाईंचा निरोप आला. 'सासरे आत्ताच गेले. कृपा करून कुणीतरी सांगा, आमचं काय चुकलं? आम्ही लिहिल्याप्रमाणेच केलं होतं.'

वैजयंतीनं ती ओळ पुन्हा वाचली. लिहिल्याप्रमाणेच केलं होतं. तिनं कपाळावर हात मारून घेतला, "कर्म माझं" म्हणाली, चाफा सात आपलंच म्हणून जाहीर केलं आणि शपथपत्रावर अंगठा ठेवला.

दहा सत्तावन्नला शेजारच्या घरातून म्हात्रेकाकींचा आवाज आला, "अगो वैजू, यो मेला बल्लव मधीच कसा बंद परला गो? आरती झाली, पानं मांडली, नि यो बोंबलतंय कंद टाका, कंद टाका!"

"टाका, काकी!" वैजयंती खिडकीतून ओरडली. "टाकाच! विष आहे ते!"

कोपऱ्यातला एक्केचाळीस हजारांचा आकडा भराभर उतरत गेला आणि शून्यावर थांबला. तन्मयनं फोनवर नुसता मोठ्यानं श्वास सोडला. वैजयंतीला ना आनंद झाला, ना सुटल्यासारखं वाटलं. तिचे डोळे चाफाच्या खात्यावर होते. तिथं आता एक करडी पट्टी आली होती. खाते बंद, फक्त वाचता येईल.

पट्टीखाली एकेक ओळ उमटू लागली.

'आई?'

'चाफाआजी म्हणजे तू?'

'इतके दिवस मी तुला माझ्या पोटातलं सांगत होते. तुझ्याबद्दलच सांगत होते, आणि तू वाचत होतीस.'

वैजयंती कळफलक बडवत होती. काही उमटत नव्हतं.

'म्हणजे भाजी खाऊ नको हेही असंच काहीतरी. परसदारनं लिहिलंय सल्ले रद्द, कृतीचं पान तर जसंच्या तसं आहे. तुला काय, मी घाबरून तुला फोन करावा असं वाटलं असेल.'

'मी खाणार आहे. सकाळपासून उपाशी आहे मी.'

"नको गं! नको गं शमू!" वैजयंती पडद्यावर हात आपटत राहिली.

"तन्मय, पान का नाही बदललं?"

"बल्लवांना आधी जातं, ताई. पानांना पाऊण तास लागतो." त्यानं स्वतःच्या फोनवरून शाल्मलीला लावून पाहिला. वैजयंतीनं म्हात्रेकाकींच्या फोनवरून लावला. अनोळखी नंबर, कुणी उचलणार नव्हतं. नागपुरात तिच्या ओळखीचं काळं कुत्रं नव्हतं. पोरीचा पत्तासुद्धा तिला माहीत नव्हता. माहीत होती ती फक्त गच्ची.

गच्ची! तिनं शाल्मलीचे फोटो उघडले. गोण्या, मिरच्या, दोरीवर चढवलेला कंदाचा वेल, आणि वेलामागे रस्त्यापलीकडच्या भिंतीवर रंगवलेली पाटी: ठवकर सायकल स्टोअर्स. खाली फोन नंबर. नऊ आकडे दिसत होते, दहाव्यावर कंदाचं तळहाताएवढं पान आलं होतं. तिनं दुसरा फोटो काढला, तिसरा काढला, सगळीकडे तेच मेलं पान. मग तिच्या ध्यानात आलं, थंडीत या वेलाची पानं झडतात. तिनं पौषातला फोटो शोधला. नुसती वाळकी दोरी, आणि मागे अख्खा नंबर.

"हो जी, ठवकर बोलून राहिलो."

"दादा, तुमच्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माझी मुलगी राहते. गच्चीवर झाडं लावलीत तिनं..."

"थे झाडंवाली पोरगी? येते ना हवा भराले. चांगली हाय बिचारी. काहून जी?"

"ती विष खातेय. म्हणजे तिला माहीत नाही. दादा, पाया पडते, आत्ता वर जा, तिच्या हातातलं ताट काढून घ्या."

"आता? एकाच्या टूबमधी हवा भरून राहिलो..."

"हवा मरू दे हो! माझी पोर मरेल!"

पलीकडे पंप आपटल्याचा आवाज झाला. मग रस्ता, हॉर्न, जिना, आणि पन्नाशीच्या माणसाची लागलेली धाप. फोन त्यानं चालूच ठेवला होता. वैजयंती कान दाबून एकेक पायरी ऐकत होती. तिनं जिन्याची कुठलीच पायरी अशी मोजली नव्हती.

दारावर थाप पडली. पुन्हा पडली. "उघडून नाही राहिली जी."

"जोरात ठोका. म्हणावं, आई आहे फोनवर."

"अवो पोरी, तुह्या मायचा फोन हाय!"

कडी निघाली. शाल्मलीचा आवाज आला, दीड वर्षानंतर पहिल्यांदा. "मला नाही बोलायचं तिच्याशी." पण ते शब्द जड येत होते. जीभ उचलायला त्रास झाल्यासारखे.

"शमू, किती खाल्लंस? रागव, शिव्या घाल, पुन्हा कधी बोलू नकोस. पण किती खाल्लंस ते सांग."

"वाटीभर. रस्सा. आई, माझे ओठ लागत नाहीयेत मला."

पुढची वीस मिनिटं वैजयंतीनं कशी काढली ते तिचं तिलाच ठाऊक. ठवकरनं पोरीला खांद्याला धरून खाली आणलं, कोपऱ्यावरची रिक्षा बोलावली, आणि फोन शर्टाच्या खिशात ठेवून दिला. वैजयंतीला आख्खं नागपूर ऐकू येत होतं, ढोल-ताशे, हॉर्न, ठवकर रिक्षावाल्याला दामटत होता, "चाल न बे, सिग्नल काय पाहून राहिला!" आणि या सगळ्यात पोरीचा ओकण्याचा आवाज. वैजयंती घरभर फिरत होती, पिशवीत सापडेल ते कोंबत होती. दुसऱ्या कानाशी तन्मय होता, तो नवी मुंबईहून विमान बघत होता.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फोन घेतला. कंद कुठला, किती वर्षांचा, किती पाणी, किती वेळ शिजवला, सगळं त्यांनी विचारलं आणि वैजयंतीनं सगळं सांगितलं. हाशीबाईचं वाक्य सांगितलं, आपली सही कुठं होती तेही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं.

"यावर उतारा नाही," त्या म्हणाल्या. "पोट धुतोय. झटके आले तर ते थांबवू, श्वास थांबला तर यंत्रावर ठेवू. पुढचे चार तास कठीण आहेत. ते निभावले तर वाचेल. आत्ता मला काहीच सांगता येत नाही. तिला तुमच्याशी बोलायचंय. दोन मिनिटं देते. पण तिला घाबरवू नका हं, धीर द्या."

फोन हातातून हातात गेला. श्वास ऐकू आला, छोटा, तुटका.

"आई."

"हं, शमू."

"मला इथं कोणी सांगत नाहीये. डॉक्टर काय म्हणाल्या?"

वैजयंतीच्या ओठांवर ते वाक्य आपोआप आलं. काही नाही होत गं. तयारच होतं ते, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेलं. तिनं ते गिळलं.

"सांगता येत नाही म्हणाल्या," ती म्हणाली. "यावर औषध नाहीये. चार तास निभावायला हवेत. झटके येतील कदाचित. मला फार भीती वाटतेय, शमू. आणि ती कृती माझ्याच सहीनं गेली होती. मी नीट ऐकलं नाही."

"बाबांनाही अशीच भीती वाटत होती?"

"हो. फार. तुझं नाव घेत होते. मी तुला बोलवायला हवं होतं."

शाल्मली रडत होती की तिला श्वास लागत नव्हता, ते वैजयंतीला कळेना. मागे कुणीतरी म्हणालं, आता फोन पुरे.

"आई, तू ये."

"निघालेच बघ. पिशवी खांद्यावर आहे माझ्या."

"किती वेळ लागेल? खरं सांग."

वैजयंतीनं डोळे मिटले. "सात तास. विमान धरूनसुद्धा सात."

"चारात नाही होणार?"

"नाही गं राजा," वैजयंती म्हणाली. "चारात नाही पोचत मी."